कोरा चौतीस

सामना कसा झाला, ते मला कुणी सांगावं लागत नाही.
रविवारी रात्री टोपल्या येतात तळघरात,
मी एकेक शर्ट उलटा करते आणि कळतं:
डाव्या बॅकला आज लोळवलंय,
गोलकीपर एकाच कुशीवर पडत राहिला,
कप्तानानं नेहमीसारखी नुसती बोटं दाखवली.

सव्वीस वर्षं. नेलिदा, धुलाई, मोंतेविदेओ.
बंदरामागच्या गल्लीतला क्लब,
एकदाच चॅम्पियन, तेही माझ्या आईच्या लग्नाच्या वर्षी.
वर स्टँडचा पत्रा, खाली मी आणि तीन मशिनी,
त्यातली एक लाथ मारल्याशिवाय फिरत नाही.

पोरं येतात लांबच्या गावांतून, रात्रीच्या बसनं,
एका हातात बूट, दुसऱ्यात आईनं दिलेलं चीज.
वसतिगृहात एका खोलीत सहा.
तेचेरा सरहद्दीवरचा, शिव्या पोर्तुगीजमध्ये द्यायचा.
लुगरीस झोपेत पेनल्टी मारायचा,
वरच्या पलंगावरून पडून मनगट मोडून घेतलं त्यानं.
आणि दिलान पिरीस, पायसांदूचा. नंबर चौतीस.

मोठ्या संघाची यादी शुक्रवारी लागते, माझ्या दाराबाहेर,
कारण बाकी भिंतींना ओल आहे.
नाव असलं की पोरगा आत येऊन मशीनवर थाप मारतो.
नसलं की यादी पुन्हा वाचतो, तळापासून वर,
जणू खालून चढलं तर सापडेल.

दिलानचं नाव यायचं. वाईट तेच झालं.
अठरावा. बाकावर.
अकरा रविवार त्याचा शर्ट माझ्याकडे घडीसकट आला,
फार तर खांद्यावर शेंगदाण्याचं टरफल,
वरून कुणी टाकलेलं.
तरी मी धुवायचे.
तसाच परत दिला असता तर
त्याला कळलं असतं की मला कळलंय.

बाराव्या रविवारी चौतीस मातीनं भरलेला.
कोपरं, पोट, तीनच्या आकड्यावर हिरवा ओरखडा.
मी रेडिओ ऐकला होता. तो उतरला नव्हता.
शिवाय माती तांबडी होती, सरावाच्या मैदानाची.
इथली काळी असते, झोपेतही ओळखेन मी ती.
कसा लोळला असेल एकटाच, दिवे गेल्यावर,
आधी पोटावर, मग एका कुशीवर, मग दुसऱ्या,
सगळीकडे नीट लागेल असा?

मी बोलले नाही.
मशीनला दिला नाही तो. वडी घेतली आणि हातानं घासला.

तेचेरा आत गेला, सतराव्या वर्षी.
नऊ वेळा धुतला मी त्याचा शर्ट,
दहाव्याच्या आत बेल्जियमला विकला गेला.
त्या पैशात पत्रा बदलला. मला ड्रायर मिळाला.

दिलानही उतरला, एकदा, अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला,
संघ तीन गोलांनी मागे असताना.
एक थ्रो-इन, दोनदा चेंडूला पाय.
तो शर्ट आला तेव्हा काखेत ओला, बाकी स्वच्छ.
आपल्या हातानं आणून दिला त्यानं,
आणि मशीनवर थाप मारायची विसरला.

डिसेंबरात दुसरी यादी लागते. ती कुणी दोनदा वाचत नाही.
चौतीसचे आकडे मी इस्त्रीनं सोडवले.
आकडे निघतात, सावली राहते.
आता सत्तावीस चिकटवलाय त्यावर, कुणा मेलोच्या गोऱ्या पोराचा,
फार हसतो तो, अजून.

काल मेसेज आला पायसांदूहून.
मांसाच्या फॅक्टरीत लागलाय, रविवारी तिथल्याच संघात खेळतो.
दोन्या नेलिदा, रक्त काढायला शिकलो,
पांढऱ्यावरची माती कशी काढायची?

मी लिहिलं: आधी वाळू दे. झटक. मग थंड पाणी.
गरम कधीच नाही, गरमनं डाग पक्का होतो.
पाठवलं. मग परत फोन उचलला:
आणि तिकडची कुठल्या रंगाची असते, तेही कळव.